आधी नावं, मग मोर

संग्रहालय हा शब्द कानावर पडला की माझं डोकं अजून सटकतं. नव्या माणसाला वाटतं, हिला कलेचं वावडं दिसतंय. तसं काही नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, दिवसभर मुलांच्या रंगांच्या राड्यात हात घालून असते. पण त्याआधी दीडेक वर्ष मी पनवेलच्या एका छोट्या संग्रहालयात नोकरी केली आणि तिथे मला एक माणूस भेटला. त्याच्याबद्दल बोलायला लागले की संतापल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि त्यातला निम्मा संताप माझा माझ्यावरच असतो.

संग्रहालय म्हणजे एक जुनी भाताची गिरणी. एका बिल्डरच्या ट्रस्टने ती घेतली, आतली यंत्रं भंगारात काढली, भिंती पांढऱ्या केल्या, छताला दिवे टांगले आणि दारावर 'समकालीन कला' अशी पाटी लावली. खांदा कॉलनीतली माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला येत, आत काय आहे विचारत, 'चित्रं' असं उत्तर मिळालं की 'बरं बरं' म्हणून परत फिरत. चार खोल्या होत्या. मुंबईहून गाडीने येणारे एक डायरेक्टरसाहेब, एक वॉचमन, चित्रांखालची लेबलं लिहायला आणि पाहुण्यांना फिरवायला मी, आणि भिंती रंगवायला पेंटर.

त्याला सगळे पेंटरच म्हणत. साठी उलटलेला, काटक, कानामागे पेन्सिल, खांद्यावर एके काळी पांढरा असलेला टॉवेल. प्रत्येक प्रदर्शन संपलं की भिंतीतली भोकं बुजवायची आणि भिंत पुन्हा कोरी करायची, एवढंच त्याचं काम. पण एवढ्याशा कामावरून तो सगळ्यांशी भांडण काढायचा. डायरेक्टरसाहेबांना डब्यातला प्लास्टिक रंग हवा असायचा आणि याला चुना. 'भितीला रेनकोट घालतंय यो,' असं तो साहेबांच्या तोंडावर म्हणायचा. साहेब हसून म्हणायचे, 'व्हेरी इंटरेस्टिंग.' त्यांना सगळंच इंटरेस्टिंग वाटायचं आणि ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. शेवटी साहेबांना दिसणाऱ्या भिंतींना प्लास्टिक आणि मागच्या खोलीला चुना, असा तह झाला. मागे पंपाच्या खोलीशेजारी त्याचा चुन्याचा पिंप कायम भिजत पडलेला असायचा.

पहिल्या दिवशी मी त्याला रीतसर नमस्कार केला आणि नाव सांगितलं. तो पिंप ढवळत होता. 'परत सांग,' म्हणाला. मी सांगितलं. 'आजून एकदा.' तिसऱ्यांदा मी चिडून जवळजवळ ओरडलेच. तेव्हा तो म्हणाला, 'हां, आता कललं,' आणि पुन्हा ढवळायला लागला. म्हातारा बहिरा आहे अशी मी समजूत करून घेतली. तो बहिरा नव्हता. त्याचा तो आयुष्यभराचा रिवाज होता, आणि तो समजायला त्याचं आधीचं काम माहीत असायला हवं.

पनवेल-उरणकडच्या गावांत लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत रंगवतात. मध्ये नवरा-नवरीची नावं, हात-हात उंचीच्या अक्षरांत. वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर, कलश, केळीचे खांब, दाराशी भालदार-चोपदार. लग्न होऊन जातं, मांडव उतरतो, भिंत मात्र तशीच राहते. पावसाने फिकी होते, पोरं तिच्यावर चेंडू मारतात, पण कुणाच्या लग्नाची आहे ते पंचवीस वर्षांनीही वाचता येतं. पेंटरने चाळीस वर्षं अशा भिंती रंगवल्या. कर्नाळ्याच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत असं गाव नसेल, जिथे त्याचा मोर नव्हता. मग फ्लेक्स आले. एका दुपारी ऑर्डर दिली की संध्याकाळी दहा फुटी चादर छापून मिळायला लागली, तिच्यावर नवरा-नवरीचे फोटो आणि गल्लीतल्या सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे. पेंटर त्याला चादरच म्हणायचा. रस्त्यात फ्लेक्स दिसला की हा पलीकडच्या बाजूने चालायला लागायचा. पनवेलमध्ये त्या काळात फ्लेक्स नाही असा रस्ता सापडणं कठीण, त्यामुळे त्याला स्टेशनवरून गिरणीपर्यंत यायला आमच्या दुप्पट वेळ लागायचा. तरी त्याने हा नेम कधी मोडला नाही.

तर रिवाज असा. लग्नाची भिंत रंगवायला बोलावलं की हा आधी नवरीच्या गावाला जायचा. पत्रिका वाचायचा नाही, कुणी कागदावर नाव लिहून दिलं तर कागद परत करायचा. नवरीने समोर बसून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, मगच तो ते लिहिणार. लाजणाऱ्या मुलींसमोर तास तास बसून राहायचा, चहावर चहा प्यायचा. एकदा एका मुलीने पत्रिकेतलं भारदस्त नाव न सांगता घरी हाक मारायचे ते नाव सांगितलं. याने तेच भिंतीवर काढलं. सासरची माणसं काठ्या घेऊन यायची तेवढी बाकी राहिली. हा शिडीवरून म्हणाला, 'तिनं जा सांगितलं ता लिवलं. तुमाला दुसरी कोन पायजे असंल तर तिला घेऊन या.' नाव तसंच राहिलं.

मी विचारलं, एवढा अट्टाहास कशाला? तो भाकरी खात होता. तांदळाची भाकरी आणि सुकट, हा त्याचा रोजचा डबा. सुकटीचा वास गॅलरीत येतो म्हणून साहेबांनी त्याला पंपाच्या खोलीशी बसायला लावलं होतं. ज्या जागेत आधी शंभर माणसं भात सडत होती आणि हेच खात होती, तिथे याच्या डब्याचा वास चालत नव्हता. तो म्हणाला, 'पोरीचं नाव भितीवर एकदाच लागतं गो. मंग ती कोनाची बायको, कोनाची आय. आपलं नाव सवताच्या तोंडानं सांगाची तिला एकदाच पाली येते. ती पन कागदानं खाल्ली तर?'

दुसरा नियम चित्रांचा. आधी नावं, मग मोर. नावं सुकल्याशिवाय तो मोराला हात लावायचा नाही. मोर, गणपती, भालदार हे सगळे लग्नाला आलेले पाहुणे, असं त्याचं म्हणणं. लग्न कुणाचं तेच माहीत नाही तर पाहुणे येतील कशाला? आणि सही तर त्याने जन्मात केली नाही. मी एकदा म्हटलं, कोपऱ्यात बारीक नाव टाकायचं होतं. तो म्हणाला, 'का? लगीन माजं हाय का?'

तिसरा नियम भिंत पुसण्याचा, आणि पुढचं सगळं त्यावरून झालं. भिंत पुसायची ती घरात पुढचं लग्न निघालं की. पुसायची पेंटरने, पण पहिला हात त्याचा नाही. आधीच्या लग्नातली नवरी, जी आता सासू किंवा आई झालेली असायची, तिने नारळ फोडून स्वतःच्या नावावर चुन्याचा पहिला हात मारायचा. मग बाकीची भिंत पेंटर पांढरी करणार आणि तिच्यावर नवं नाव चढणार. 'जिचं नाव हाय तिनंच पुसाचं,' तो सांगायचा. 'दुसऱ्यानं पुसलं तर ता पुसनं नाय, मोडनं झालं.' हा रिवाज गावाचा की यानेच काढलेला, देव जाणे. पण याच्या हातच्या भिंती असलेली सगळी घरं तो पाळत होती.

असा माणूस आम्ही समकालीन कलेच्या भिंतींना पुट्टी मारायला ठेवला होता.

एकदा मुंबईहून एक नावाजलेला तरुण कलाकार आला. त्याने मोठ्या भिंतीवर स्प्रेने एका कोळणीचा प्रचंड चेहरा काढला. नाकात नथ, डोळ्यांत समुद्र वगैरे. खरं सांगते, हात तयार होता पोराचा. पेंटर शिडी धरून उभा होता. चित्र झाल्यावर त्याने विचारलं, 'या बाईचं नाव काय?' कलाकार म्हणाला, काका, ही कुणी एक बाई नाही, ही सगळ्या कष्टकरी स्त्रियांचं प्रतीक आहे. पेंटर जवळ गेला, लांब आला, पुन्हा जवळ गेला. 'नाव नाय तर ही वलख कोनाला देते?' असं म्हणून त्याने शिडी मिटली आणि मागे निघून गेला. साहेब म्हणाले, 'व्हेरी इंटरेस्टिंग.' मी हसले. तेव्हा मी साहेबांच्या बाजूने हसत असे, कारण पगार ते देत होते आणि मला आपण कलाक्षेत्रात आहोत असं वाटत होतं.

मग साहेबांनी रस्त्यावरच्या कलेचं प्रदर्शन काढलं. नाव ठेवलं 'अनामिक'. स्प्रेवाल्यांची चित्रं, रंगवलेली दुकानाची शटरं, ट्रकची मागची फळी, आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणून एक अख्खी भिंत. त्या वर्षांत विमानतळासाठी गावं उठत होती. माणसं आपापली घरं रिकामी करून करंजाड्याकडे नव्या प्लॉटवर जात होती आणि मागे पोकलेन लागत होते. साहेबांनी पाडणाऱ्या ठेकेदाराला गाठून एका घराची दर्शनी भिंत कापून घेतली. टेम्पोतून तिचे पाच तुकडे आले. नेमका पेंटर तेव्हा दहा दिवसांच्या रजेवर होता. त्याच्या बहिणीचंही घर तिथेच होतं, तिचा संसार हलवायला गेला होता.

तुकडे अंगणात मांडले. वर गणपती, दोन मोर, कलश, भालदार, आणि मधल्या तुकड्यावर मोठ्या लाल अक्षरांत नावं, जनार्दन आणि हिरा. साहेब बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, 'टेक्स्ट नको. टेक्स्टमुळे ते फारच लोकल होतं. व्हिज्युअलला बोलू दे.' कामगारांनी कटर लावला आणि नावांचा तुकडा कापून काढला. मोर एकमेकांजवळ सरकवून लोखंडी चौकटीत बसवले. मी तिथेच उभी होते, हातात चहा होता. मी काही बोलले नाही. उलट संध्याकाळी बसून लेबल लिहिलं: 'अज्ञात कलाकार. चुना व रंग, भिंतीवर. रायगड जिल्हा.' अक्षर सुबक यावं म्हणून दोनदा छापलं.

पेंटर रजेवरून आला आणि गॅलरीत शिरल्या शिरल्या थबकला. चपला काढल्या. भिंतीजवळ गेला, तिच्यावर हात ठेवला, कापलेल्या कडेला नाक लावून हुंगलं. मग मला म्हणाला, 'मोर माजे हायेत. नावं कुटं हायेत?'

मी साहेबांना फोन लावला. ते आले. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं, अगदी सौम्यपणे. सही आहे का? फोटो आहे का? पेंटर म्हणाला, कापलेल्या कडेला बघा, चुन्याच्या खाली निळा पट्टा दिसेल. ती हिराच्या सासूच्या लग्नाची भिंत. तीही मीच केलेली, तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. साहेबांनी मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. निळा पट्टा होता. त्यांचा चेहरा उजळला. 'व्हेरी इंटरेस्टिंग! लेयर्स आहेत!' आणि मला म्हणाले, लेबलमध्ये 'अनेक पिढ्यांचे थर' असं टाक.

मी म्हटलं, सर, मग कलाकाराचं नाव? साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, 'अगं, अज्ञात हाच तर कन्सेप्ट आहे. नाव टाकलं तर प्रदर्शनाचा मुद्दाच जातो.'

म्हणजे माणूस समोर उभा आहे, पगारपत्रकावर आहे, त्याच भिंतीशेजारच्या भिंतीला पुट्टी मारतोय, आणि तरी तो अज्ञात. कारण तो ज्ञात झाला असता तर साहेबांची 'अनामिक'ची पुस्तिका पुन्हा छापावी लागली असती. इथेच मी नोकरी सोडायला हवी होती. मी काय केलं? पेंटरकडे जाऊन म्हणाले, साहेब तुमच्या नावाचा विचार करतायत. 'माजं नाव कोन मागतंय?' तो उसळला. 'हिरा आन जनार्दनची नावं कुटं गेली ता विचार त्याला!' मी विचारलं नाही. मी लेबलमध्ये 'अनेक पिढ्यांचे थर' टाकलं.

नंतरच्या महिन्याभरात तो रोज सकाळी आल्यावर त्या मोरांसमोर अनवाणी उभा राहायचा आणि मग कामाला जायचा. येणारे लोक त्याचा फोटो काढायचे. जुना माणूस, जुनी भिंत, छान फ्रेम.

एका रविवारी दुपारी दाराशी गलका ऐकू आला. वॉचमन एका जोडप्याला तिकीट मागत होता. बाई पन्नाशीची, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात पिशवी. मागे पांढऱ्या शर्टात नवरा, गप्प.

'आमच्याच भितीला तिकीट?' बाई विचारत होती.

ती हिरा. पेंटरने करंजाड्याला जाऊन सांगितलं होतं की तुमची भिंत चुरा झालेली नाही, गिरणीत उभी आहे; नावं कापल्याचं सांगायला मात्र त्याची जीभ उचलली नव्हती. आणि तिच्या मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं होतं. घर गेलं, अंगण गेलं, पण नियम राहिला होता. स्वतःच्या नावावर चुना फिरवल्याशिवाय ती मुलीचं नाव नव्या भिंतीवर चढू देणार नव्हती. पिशवीत नारळ होता, हळद-कुंकू होतं.

तिला मी आत नेलं. तिने मोर ओळखले, भालदार ओळखला, 'याची मिशी आमच्या दिरानं वाडवाला लावलेली,' असं म्हणून हसलीसुद्धा. मग तिची नजर मध्ये आली. दोन्ही मोरांच्या मधल्या लोखंडी पट्टीवर ती हात फिरवत राहिली.

'माजं नाव?'

साहेब त्या दिवशी होते. पुढे आले, हात जोडले, तुम्ही आलात हा आमचा बहुमान आहे म्हणाले. बाईने सगळं समजावून सांगितलं. मुलीचं लग्न, नाव, चुना. साहेब मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, ताई, ही आता संग्रहालयाची वस्तू आहे, हिला हात लावता येणार नाही, पण तुम्ही हिच्यासोबत फोटो काढा, स्पेशल परवानगी देतो.

'फोटो नको मना,' हिरा म्हणाली. 'तुमी मोर ठेवा. नाव द्या माजं.'

'ते टेक्स्ट वेगळं झालं ना,' साहेब म्हणाले. 'ते आता मिळणार नाही.' आणि घड्याळ बघून, मुंबईला मीटिंग आहे असं सांगून गाडीत बसले. जाताना मला म्हणाले, 'त्यांना चहा दे.'

चहा करायला मी मागे गेले. पंपाच्या खोलीशेजारचा पाण्याचा ड्रम आधी विटांवर ठेवलेला असायचा आणि पाणी काढताना डुगडुगायचा. महिनाभर तो डुगडुगत नव्हता. मी वाकून पाहिलं. ड्रमखाली विटांच्या जागी चुन्याच्या गिलाव्याची जाड लादी होती, कामगारांनी पालथी घातलेली. मी रोज तिच्या कडेवर कप ठेवत होते. पेंटर रोज तिच्याशेजारी बसून भाकरी खात होता.

मी मागच्या खोलीतल्या पेंटरला हाक मारली ती अशी की वॉचमन आणि हिरा-जनार्दनसुद्धा धावत आले. सगळ्यांनी मिळून ड्रम लवंडला, पाणी सगळीकडे झालं, लादी उलटी केली. 'चि. जनार्दन'मधली शेवटची दोन अक्षरं उडाली होती. 'चि. सौ. कां. हिरा' मात्र अख्खं होतं, ओलं झाल्यावर आणखी लाल दिसत होतं.

जनार्दन पहिल्यांदाच बोलला. 'माजं आर्दं तरी ठेवलं,' म्हणाला.

पेंटरने पिंपातून चुना काढला, नवा ब्रश पाण्यात भिजवून हिराच्या हातात दिला. तिने नारळ फोडला, नावाला हळद-कुंकू लावलं. मग ब्रश धरून थांबली. पेंटर म्हणाला, 'सांग.' भर दुपारी, पंपाच्या घरघरीत, त्या बाईने स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं आणि त्यावर चुन्याचा हात फिरवला. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती.

पेंटरने उरलेली लादी पांढरी केली. बादली उचलली आणि आत गेला. मला कळलं तो काय करणार ते. मी अडवलं नाही. माझ्या त्या दीड वर्षात मी केलेलं एवढंच एक बरं काम.

गॅलरीत तेव्हा दहा-बारा माणसं होती. पेंटरने शिडी लावली आणि वरच्या गणपतीला नमस्कार करून भिंत पुसायला घेतली. संथपणे, वरून खाली, एक थेंब सांडू न देता. बघणाऱ्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळ्यांनी मोबाइल काढले. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की हे कलेच्या क्षणभंगुरतेबद्दल आहे. दुसरा मोर गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंटरने शिडी मिटली, फरशी पुसली आणि त्या माणसांना म्हणाला, 'सरा, वला हाय, कपडे भरतील.'

दुसऱ्या दिवशी साहेब पहिल्यांदाच कशालाही इंटरेस्टिंग म्हणाले नाहीत. कलाकृतीचा नाश केल्याचा तक्रारअर्ज मी मराठीत लिहून द्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं आणि त्याच कागदावर राजीनामा लिहिला. अर्ज त्यांनी दुसरीकडून लिहवून आणला. तो मी पेंटरसोबत पोलीस ठाण्यात गेले तेव्हा पाहिला. त्यात पेंटरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, गाव सगळं बिनचूक होतं. ज्या संस्थेला महिनाभर कलाकाराचं नाव सापडत नव्हतं, तिला आरोपीचं नाव एका रात्रीत सापडलं!

हवालदार याच पट्ट्यातला होता. त्याने अर्ज वाचला आणि पेंटरला विचारलं, 'चित्र कोनी काडलं?'

'मी.'

'पुसलं कोनी?'

'मी. पुसायलाच पगार देतात मना.'

हवालदाराने साहेबांच्या माणसाकडे बघितलं. 'यात मी नक्की कोणाची तक्रार कोणाविरुद्ध लिहून घेऊ?' असं त्याने अतिशय शुद्ध मराठीत विचारलं. प्रकरण तिथेच बारगळलं. पेंटरची नोकरी गेली. त्याचं त्याला काडीचं दुःख झालं नाही, फक्त भिजत घातलेला चुना मागे राहिला म्हणून तो दोन दिवस चरफडत होता.

मनीषाच्या हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मी करंजाड्याला गेले. नव्या प्लॉटवरचं दुमजली घर, बाहेरून गुळगुळीत पुट्टी. पेंटर शिव्या घालत ती पुट्टी खरवडून चुन्याचे हात मारून बसला होता. मनीषा कॉलेजात शिकलेली, लाजणारी नव्हती. तिने खुर्ची ओढून समोर बसून नाव सांगितलं होतं, वर 'दीर्घ नी हां काका' असंही बजावलं होतं. मी पोचले तेव्हा नावं लिहून झाली होती आणि ओली होती. मोर यायचे होते. पेंटर शिडीवर, मी खाली रंगाचा डबा धरून. मांडवात बायका तांदूळ निवडत होत्या.

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि साहेब उतरले. भिंत पुसल्याचा व्हिडिओ एव्हाना खूप लोकांनी पाहिला होता, कुणी कुणी त्यावर लेखही लिहिले होते, आणि साहेबांचा सूर बदलला होता. त्यांनी हिराला नमस्कार केला, माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मग शिडीच्या खाली उभे राहून वर बघत बोलू लागले. झालं गेलं विसरून जाऊ. ही भिंत आम्हाला संग्रहात हवी आहे. लग्न झाल्यावर, घाई नाही. हिला मजकुरासकट नेऊ. कापणार नाही.

पेंटर ब्रशचे केस बोटांनी सारखे करत होता.

'आणि या वेळी लेबलवर नाव नक्की टाकणार,' साहेब म्हणाले. 'मोठ्या अक्षरात. फक्त मला नाव बरोबर सांगा.'

पेंटरने वळूनही पाहिलं नाही. ब्रशची दांडी त्या ओल्या लाल अक्षरांकडे केली.

'भितीवर लिवलंय. वाच.'

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग, नेहमीच्या सवयीने, याचा अर्थ काय ते समजावून सांगायला माझ्याकडे पाहिलं. मी डबा धरून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही.